दोन चौकांची सुटी

पगारी सुटीचे दोन दिवस हाती आले म्हणजे आमच्या वऱ्हाडातला माणूस काय करतो, हे येथे जमलेल्या सर्वांना ठाऊक आहे. पहिला दिवस झोप आणि घरची राहिलेली कामे यांत जातो. दुसरा दिवस कुठे जावे याचा विचार करण्यात जातो. फार झाले तर शेगाव, नाही तर चिखलदरा. या दोन्ही ठिकाणांविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि दर वर्षी तेच करावयाचे म्हटले की सुटीचीही हजेरी होऊन बसते. म्हणून आज आम्ही एक निराळा बेत मंडळींपुढे मांडणार आहोत. अकोला आणि अमरावती ही दोन शहरे न सोडता, दोन दिवसांत, मेक्सिको देशाचे दर्शन घ्यावयाचे.

हे ऐकून हसू येणे साहजिक आहे. मेक्सिको कुठे आणि मोर्णेचा काठ कुठे! तो देश पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ आपल्या उलट बाजूला आहे. आपल्याकडे दिवस मावळतो तेव्हा तिकडे उजाडत असते. पण आमचे म्हणणे ऐकून घ्यावे. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ज्या पऱ्हाटीवर घरेदारे चालतात तिचे मूळ मेक्सिकोत आहे. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू तिकडचा. ठेच्यातली मिरची तिकडची. आणि मेक्सिको शहरात एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर जो माणूस पंगतीच्या मुखाशी बसून भाकर मोडतो आहे, तो आपल्या वर्ध्याचा आहे असे मानले जाते. इतके धागे असताना सहल काढण्यास आणखी काय हवे?

सुटी आली कोठून?

बेत आखण्यापूर्वी एक हिशेब मांडला पाहिजे, कारण हिशेब मागणे हा आमचा धंदाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, मालकांचा पिच्छा पुरविला. तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. स्वराज्य आल्यावर १९४८ च्या कारखाने कायद्याने पगारी रजेचे माप ठरविले: वर्षात २४० दिवस काम भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या संहितेत वीसास एक हे माप तसेच ठेवले असून २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे.

मेक्सिकोतील कथा अधिक रक्ताळलेली आहे, आणि तीही आपल्यासारखीच कापसाभोवती फिरते. रिओ ब्लांको नावाच्या गावी मोठी कापड गिरणी होती. कामाचे तास लांबलचक, मजुरी थोडी, आणि ती मजुरीही मालकाच्याच दुकानात खर्च होण्याची सोय केलेली. ७ जानेवारी १९०७ रोजी तेथील कामगारांनी कामावर जाण्याचे नाकारले. दुकान पेटले, लष्कर आले आणि त्याने गोळ्या झाडल्या. अनेक कामगार मारले गेले. पुढे तीन वर्षांनी त्या देशात क्रांती पेटली आणि ५ फेब्रुवारी १९१७ रोजी नवी राज्यघटना आली. तिच्या १२३ व्या कलमात दिवसपाळी आठ तासांची, रात्रपाळी सात तासांची, सहा दिवस कामामागे एक दिवस विश्रांती आणि संपाचा हक्क, हे सारे लिहून ठेवले आहे. साधा कायदा सरकार बदलले की बदलतो. म्हणून त्या लोकांनी विश्रांतीचा दिवस थेट घटनेत घातला.

तेव्हा आपण जी दोन दिवसांची सहल काढणार आहोत तिचे भाडे लोखंडे यांच्या पिढीने आणि रिओ ब्लांकोसारख्या ठिकाणच्या माणसांनी आधीच भरलेले आहे. ती नुसती लोळण्यात घालवू नये, एवढेच आमचे सांगणे.

दोन चौक

मेक्सिको शहरात शिक्षणखात्याची एक भव्य इमारत आहे. क्रांतीनंतरच्या सरकारने १९२३ साली तिच्या भिंती दिएगो रिव्हेरा या चित्रकाराच्या स्वाधीन केल्या आणि १९२८ पर्यंत तो त्या रंगवीत राहिला. चित्रे राजवाड्यात टांगली तर श्रीमंतांनीच पाहावयाची; भिंतीवर काढली तर कामानिमित्त आलेल्या शेतकऱ्यानेही पाहावयाची, हा त्यामागील विचार होता. वाचता न येणाऱ्याला भिंत हेच पुस्तक.

या इमारतीला दोन मोठे चौक आहेत. एकाला श्रमाचा चौक म्हणतात. त्याच्या भिंतींवर विणकर आहेत, रंगारी आहेत, उसाच्या चरकावरचे मजूर आहेत, खाणीत उतरणारे आणि खाणीतून वर येणारे कामगार आहेत. दुसऱ्याला सणांचा चौक म्हणतात. तेथे मक्याचा उत्सव आहे, आठवडी बाजार आहे, मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे आणि मे महिन्याच्या पहिल्या तारखेचा मेळावाही आहे. एका छपराखाली कष्ट आणि सण शेजारी शेजारी.

आमचा सारा बेत या रचनेवरून घेतला आहे. कोणत्याही गावाची सहल काढा, तिला दोन चौक असले पाहिजेत. नुसते सण, देवळे आणि खाणेपिणे पाहिले तर ते गाव कसे जगते हे कळत नाही. नुसते कारखाने पाहिले तर ते कशासाठी जगते हे कळत नाही. म्हणून पहिला दिवस अकोल्यात, श्रमाच्या चौकात. दुसरा दिवस अमरावतीत, सणांच्या चौकात. उलटे केले तरी चालेल, कारण श्रमाचा चौक अमरावतीत आणि सणांचा अकोल्यातही आहे. पण कुठून तरी आरंभ करावा लागतो.

वाटाड्या : पांडुरंग खानखोजे

अशा सहलीला वाटाड्या हवा. तो आपल्याला घरचाच लाभला आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याचा. देश स्वतंत्र करावयाचा या ध्यासाने हा तरुण जपानमार्गे अमेरिकेत गेला. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशी परतण्याची वाट बंद झाली; बर्लिन, मॉस्को असे करीत १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले.

तेथे चापिंगो या गावी राष्ट्रीय कृषिविद्यालय होते. खानखोजे तेथे प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले. परंतु आम्हांस त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. नुकत्याच जमिनी मिळालेल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावोगाव शेतीच्या मोफत शाळा काढल्या. त्यांना रिव्हेराची साथ होती. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी खानखोजे यांच्या कामाची छायाचित्रे घेतली. रिव्हेराने त्याच शिक्षणखात्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ‘आमची भाकरी’ अशा अर्थाचे चित्र काढले. त्यात पंगतीच्या मुखाशी बसून भाकर मोडणारा जो गृहस्थ आहे तो खानखोजेच, असे मानले जाते. वर्ध्याचा एक निर्वासित परक्या देशाच्या भिंतीवर यावा आणि त्याच्या हाती तलवार नसून भाकर असावी, यात त्या माणसाचे सारे चरित्र आले.

स्वातंत्र्यानंतर ते परत आले. शेवटची वर्षे त्यांनी नागपुरात काढली आणि २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. आपल्याकडे किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे. त्यांच्या कन्या सावित्री सॉहनी यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र उपलब्ध आहे. सहलीपूर्वी घरात कोणी एकाने ते वाचून इतरांना सांगावे, म्हणजे अर्धी तयारी झाली.

केव्हा जावे?

व्याख्यानमाला वसंतात असते म्हणून सहलही लगेच काढावी असे कोणी समजू नये. वैशाखात अकोल्याचा पारा कुठवर चढतो हे अकोलेकरास सांगणे नको. शिवाय आता वावरे रिकामी आहेत. ही सहल दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत काढावी. तेव्हा पऱ्हाटी फुटलेली असते, बाजारात कापूस येऊ लागतो, झेंडूचे ढीग पडतात आणि हिरवी मिरची मुबलक असते. मेक्सिकोतला मृतांच्या स्मरणाचा सणही १ आणि २ नोव्हेंबरला येतो. आणखी एक मुहूर्त आहे. २७ डिसेंबर हा डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्मदिवस. त्या सुमारास अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेतीचे प्रदर्शन भरत आले आहे. यंदाच्या तारखा आधी विचारून घ्याव्या.

रजेचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी, लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली रजा ऐन वेळी विसरली जाते. खर्चाचे तीन वाटे करावे: प्रवास, मुक्काम, जेवण. तीन-चार कुटुंबांनी मिळून दरमहा थोडी वर्गणी बाजूला टाकली तर दिवाळीपर्यंत रक्कम उभी राहते आणि कोणाला उसनवारी करावी लागत नाही. अकोल्याच्या माणसाने अमरावतीत मुक्काम करावा, अमरावतीच्या माणसाने अकोल्यात. आप्तेष्ट दोन्हीकडे असतातच.

पहिला दिवस : अकोला

सकाळी प्रथम डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ गाठावे. हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. ज्यांचे नाव त्यास दिले आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातील पापळचे, आणि १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री. येथे कापसावर संशोधन चालते. गटाने जावयाचे असेल तर आठ दिवस आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी; न सांगता गेल्यास फाटकावरूनच परतावे लागेल.

येथे पाहावयाचे ते हे. कापसाची दोन घराणी शेजारी शेजारी उभी असतात. एक आपले गावरानी घराणे. त्याचे फूल बहुधा पिवळे व आत तांबडा ठिपका, पानांच्या खाचा खोल, बोंड लहान आणि मान खाली घातलेले. हाच वऱ्हाडी कापूस पूर्वी विलायतेच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. ते नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरूनच पडले. दुसरे घराणे अमेरिकन म्हणविले जाते, पण त्याचे माहेर मेक्सिको होय. तेथील युकाटान भागात प्राचीन लोकांनी ते रानातून वावरात आणले असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याचे फूल प्रथम दुधाळ पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. बोंड मोठे, चार-पाच पाकळ्यांचे.

मुलांना एक प्रयोग करू द्यावा. दोन्ही कापसांची एकेक सरकी घ्यावी, तिच्यावरचे तंतू हलक्या हाताने विंचरावे आणि पट्टीवर मोजावे. गावरानीचा धागा साधारण वीस-बावीस मिलिमीटर भरेल, अमेरिकनचा अठ्ठावीस-तीसपर्यंत जाईल. या आठ मिलिमीटरांत वऱ्हाडाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. गिरणीच्या चात्यांना लांब धागा हवा होता. म्हणून भाव लांब धाग्याला मिळाला आणि गावरानी हळूहळू मागे पडला. पुढे संकरित वाणे आली, २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आज देशातील बहुतेक कापूस मेक्सिकोच्या घराण्याचा आहे. गावरानी काटक होता, आपल्या कोरडवाहू काळ्या मातीत थोड्या पाण्यावर तगत असे, आणि त्याचे बी घरचे असे. अमेरिकनने धागा लांब दिला, पण बियाण्याची पिशवी दर वर्षी विकत घ्यावी लागू लागली आणि फवारणीचा खर्च वाढला. यात लाभ कोणाचा किती झाला याची चर्चा रेल्वेत बसून करावी; वेळ चांगला जाईल.

परतताना रस्त्याच्या कडेला गाजर गवत दिसेलच. हे गवतही अमेरिका खंडातले. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्याकडे प्रथम नजरेस आले आणि तेथून देशभर माजले. त्याच्यावर उपाय म्हणून १९८० नंतरच्या दशकात मेक्सिकोतूनच एक लहान भुंगा बंगलोरमार्गे आणला गेला. शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात. तो गाजर गवताची पाने खातो. पावसाळ्यात तो कामावर असतो आणि नंतर जमिनीत शिरून पुढच्या पावसापर्यंत विश्रांती घेतो. सुटीचा हक्क त्याने कोणत्याही कायद्यावाचून मिळविला आहे.

दुपारी कापसाचा बाजार आणि एखादी जिनिंग पाहावी. कापसाच्या बाजाराला कायद्याची शिस्त लावण्याचे काम या देशात वऱ्हाडातच आरंभले: १८८६ साली कारंज्याला, आणि पुढे १८९७ च्या वऱ्हाडच्या कायद्याने. जिनमध्ये रेचा सरकी आणि रुई वेगळी करतो; प्रेसमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. ओळखीने आत जाता आले तर यंत्राकडे पाहाच, पण यंत्राजवळच्या माणसाकडेही पाहा. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर रुई बसलेली असते. तीच रुई छातीतही जाते. नाकाला फडके आहे का, पंखा चालू आहे का, पिण्याचे पाणी कुठे आहे, हे विचारावे. रिव्हेराच्या श्रमाच्या चौकात उभे राहणाऱ्यासही हेच दिसते: खाणीच्या तोंडाशी कामगार हात पसरून उभा आहे आणि त्याची झडती चालू आहे.

आम्ही अशा ठिकाणी एका हमालाला विचारले की तुमची सुटी केव्हा असते. तो म्हणाला, “आमाले कायची सुटी, भाऊ? ज्या दिवशी काम नाही तो दिवस सुटी.” त्या दिवशी मजुरीही नसते, हे त्याने सांगितले नाही, सांगण्याची गरज नव्हती. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याखाली मंडळात नोंद झालेल्या हमालाला रजेचा पगार, भविष्यनिर्वाह निधी अशा सोयी मिळू शकतात. नोंद नसेल तर कायदा पुस्तकात राहतो आणि पोते पाठीवर.

संध्याकाळी अकोल्यातील सावतराम मिलच्या बाजूने एक फेरी मारावी. मिल बंद आहे. पण एके काळी या शहरातील कितीतरी घरांचा दिवस गिरणीच्या पाळीवर चाले. जुनी माणसे भेटली तर त्यांना विचारावे की तेव्हा सुटीच्या दिवशी काय करीत असत. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

मधला प्रवास

अकोल्याहून बडनेरा रेल्वेने सुमारे ऐंशी किलोमीटर आणि तेथून अमरावती आणखी दहा. अर्ध्या वाटेवर मूर्तिजापूर लागते. खिडकीशी बसून ते अवश्य पाहावे. येथून एका अंगास यवतमाळ आणि दुसऱ्या अंगास अचलपूर अशी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी धावे. कापूस बंदराकडे नेण्यासाठी विलायती कंपनीने ती बांधली होती. आता ती बंद पडली आहे.

युकाटानातही अशाच अरुंद रुळांच्या गाड्या होत्या. तेथे त्या घायपाताची पाने आणि वाख वाहात. आपल्याकडे बांधावर आणि कुंपणाला लावतात ती घायपात अमेरिकेतलीच. तिच्या वाखाचे दोर जगभर जात, बागाइतदार गबर होत आणि पाने तोडणारे मजूर कर्जात बांधलेले राहात. दोर विकणारा प्रांत आणि रुई विकणारा प्रांत, दोघांच्याही रुळांचे तोंड बंदराकडेच वळलेले.

दुसरा दिवस : अमरावती

पहाटे उठून इतवारा बाजार गाठावा. आधी फुले पाहावी. दसरा-दिवाळीच्या दिवसांत झेंडूचे असे ढीग पडलेले असतात की ऊन पडण्यापूर्वीच उजेड झाल्यासारखा वाटतो. झेंडू मेक्सिकोचा. सोळाव्या शतकानंतर फिरंग्यांच्या जहाजांतून तो इकडे आला आणि असा मिसळला की त्याच्यावाचून दसरा सुना वाटतो. निशिगंधही तिकडचाच.

मेक्सिकोत हे फूल मृतांचे आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरोघर एक चौरंगासारखी मांडणी करतात. तीवर गेलेल्या माणसाची तसबीर, पाणी, मीठ, मेणबत्ती, त्याच्या आवडीचे पदार्थ आणि खास पाव ठेवतात. दारापासून आतपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. तिच्या रंगावरून आणि वासावरून गेलेल्यास घर सापडावे म्हणून. स्मशानात सारी रात्र बसून गाणी म्हणतात, जेवतात, हसतातसुद्धा.

आपल्या श्रोत्यांना हे परके वाटू नये. पितृपक्षात आपणही गेलेल्याच्या आवडीची भाजी करतो आणि कावळ्याची वाट पाहतो. अक्षय तृतीयेला वऱ्हाडात पितरांच्या नावाने पाण्याचा घट मांडतो. फरक एवढाच की आपण त्या दिवशी गंभीर असतो आणि ते लोक गातात. झेंडू घेऊन अंबादेवीला जावे, एकवीरेला जावे. आणि त्यातली मूठभर फुले घरी नेऊन आपल्या कोणा गेलेल्या माणसाच्या तसबिरीपुढे ठेवावी. मुलांना त्या माणसाने काय काम केले, कोणत्या पाळीला जात असे, काय आवडीने खात असे, ते सांगावे. मेक्सिकोचा सण यापेक्षा अधिक काही करीत नाही.

मग भाजीबाजार. येथे मुलांकडून एक खेळ खेळून घ्यावा: मेक्सिकोहून आलेल्या जिनसा शोधा. मिरची, टमाटे, मका, राजमा, लाल भोपळा, चिकू अशी यादी वाढत जाते. टमाटा हा शब्द तेथील नाहुआ लोकांच्या भाषेतला. चिकूचे नावही तिकडून आलेले. मिरची येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा होता. ‘मिरची’ या नावातच मिरी लपलेली आहे. वऱ्हाडी माणूस ज्या तिखटाचा अभिमान धरतो ते चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे पाहुणे आहे, हे कळल्यावर ठेच्याची चव काही कमी होत नाही.

दुपारचे जेवण

शहरांतील हॉटेलांत मेक्सिकन म्हणून जे मिळते त्यात बहुधा चीज फार आणि मेक्सिको थोडे असते. त्यापेक्षा ज्या घरी मुक्काम आहे तेथेच हे जेवण करावे. मुख्य पदार्थ म्हणजे मक्याची पातळ भाकरी. पण तिची कृती आपल्या भाकरीहून निराळी आहे, आणि त्या निराळेपणात मोठे शहाणपण आहे.

एक किलो वाळलेले मक्याचे दाणे घ्यावे. त्यात भरपूर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा चुना घालून दाणे शिजवावे. पानाला लावतो तोच चुना, पण स्वच्छ. दाण्याचे साल सुटू लागले की उतरवून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावे, म्हणजे साल आणि जादा चुना निघून जातो. मग पाट्यावर किंवा यंत्रात ओले वाटावे. त्या पिठाला चिकटपणा येतो. लहान गोळे करून, थापून, तव्यावर भाजावे. ही तयारी आदल्या रात्रीच केली पाहिजे, म्हणून यजमानीणबाईंना आधी कळवावे, आणि धुण्या-वाटण्याचे काम पाहुण्या पुरुषांनी अंगावर घ्यावे. सुटी घरातील सर्वांची असते.

चुना कशासाठी? मक्यात एक जीवनसत्त्व असे अडकलेले असते की ते नुसत्या मक्यातून अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते, आणि धान्यात चुन्याचा अंशही उतरतो. मेक्सिकोच्या बायकांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक होते. युरोपियनांनी मका उचलला, पण ही कृती उचलली नाही. तेव्हा इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, जेथे गरीब लोक बहुतांशी मक्यावरच जगत, तेथे कातडी सोलणारा आणि बुद्धी भ्रमविणारा पेलाग्रा नावाचा रोग पसरला. बियाणे घेतले आणि बाईचे ज्ञान सोडले, त्याचा हा दंड. खानखोजे शेतकऱ्यांना शिकवीत आणि त्यांच्याकडून शिकतही, असे आम्हांस वाटते ते यासाठीच महत्त्वाचे.

भाकरीबरोबर राजमा मऊ शिजवून, घोटून, कांद्यावर परतावा. टमाटे, मिरच्या, कांदा आणि लसूण तव्यावर करपेपर्यंत भाजून पाट्यावर रगडावे, वर मीठ, कोथिंबीर, लिंबू. आपल्या घरी याला टमाट्याचा ठेचा म्हणतील, मेक्सिकोत साल्सा. शेवटी चिकूच्या फोडी. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या परंपरागत स्वयंपाकाला जगाचा वारसा म्हणून मान दिला. त्या मानाचा पाया हाच मका, घेवडा आणि मिरची आहे.

तिसरा दिवस मिळाला तर

रविवार जोडून तिसरा दिवस हाती येत असेल तर बडनेऱ्याहून वर्ध्याला जावे. खानखोजे यांचे हे जन्मगाव. तेथे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे. चरखे, पेळू, खादी यांचा सारा प्रपंच तेथे पाहावयास मिळतो. पहिल्या दिवशी पाहिलेल्या गाठींचे पुढे काय होऊ शकते, याचे एक उत्तर तेथे आहे.

आजकाल मुलेबाळे परदेशी असतात, आणि कोणाला खरोखरच मेक्सिको शहरी चार दिवस जाण्याचा योग येतो. त्यांनी हाच बेत तेथे चालवावा. शिक्षणखात्याच्या त्या इमारतीत २०२४ पासून भित्तिचित्रांचे संग्रहालय आहे. दोन्ही चौक पाहून तिसऱ्या मजल्यावर जावे आणि भाकर मोडणाऱ्या माणसाला वर्ध्याचा नमस्कार सांगावा. एक दिवस चापिंगोसाठी ठेवावा. तेथील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीही रिव्हेराने रंगविल्या आहेत, आणि पुतळा तेथेच आहे.

ज्यांना हा योग नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पण एक काम मात्र प्रत्येकाने करावे. अकोल्याच्या जिनमध्ये किंवा अमरावतीच्या बाजारात ज्या हमालाशी बोलणे होईल, त्याला विचारावे: तुझी मंडळात नोंद आहे का? नसेल तर त्याचे नाव लिहून घेऊन जवळच्या कामगार संघटनेकडे द्यावे. अशी दहा नावे आली तर पुढच्या कार्तिकात दहा माणसांची पगारी रजा निघण्याचा मार्ग मोकळा होईल, आणि सणांच्या चौकात आपल्याबरोबर तेही येतील. रजेचा अर्ज आणि ही नावे, दोन्ही कागद दसऱ्यापूर्वी तयार ठेवावे.